विनानंबरची ई-बाइक घेताय? आधी कागद बघा, मग वेग मोजा

भाच्याला अकरावीच्या क्लासला जायला ई-बाइक घ्यायची म्हणून आम्ही तीन दुकानं पालथी घातली. तिन्हीकडे पहिलं वाक्य एकच, "लायसन्स नको, पासिंग नको." तिसऱ्या दुकानातल्या पोरानं तर स्कूटरसारख्या दिसणाऱ्या एका गाडीची सीट उचलली, कंट्रोलरमधून (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डबीतून) निघालेली एक बारीक वायर बोटावर घेतली आणि हळूच म्हणाला, "काका, ही काढली ना, की पंचेचाळीसला जाते." ज्या अटीवर लायसन्स माफ आहे, ती अटच तो फुकटात काढून द्यायला निघाला होता.

तर खरेदीच्या आधी काय बघायचं, ते क्रमानं सांगतो.

आधी नियम समजून घ्या

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २(यू) मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ते कायद्याच्या लेखी ‘मोटार वाहन’ नाही. म्हणून नोंदणी, लायसन्स, विमा यांतलं काहीच लागत नाही. पेडल मारायच्या सायकलींसाठी आणखी भर आहे: वेग वाढेल तशी मोटरची मदत कमी होत जाऊन २५ ला, किंवा पाय थांबले तर त्याआधीच, बंद पडली पाहिजे; ब्रेक धड हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा.

नियमात शब्द ‘पेक्षा कमी’ असा आहे. म्हणजे बाजारात सर्रास छापलेलं ‘२५० वॅट’ अगदी काठावर बसतं. आणि दुकानदार हमखास गाळतात ती अट अशी की, हे सगळं नियम १२६ मध्ये नाव असलेल्या चाचणी संस्थेनं तपासून प्रमाणित केलेलं हवं. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक.

पायरी १ : प्रमाणपत्र मागा

पैसे देण्याआधी त्या मॉडेलच्या चाचणी प्रमाणपत्राची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. "अप्रूव्हड आहे साहेब" हा कागद नव्हे. पीडीएफ आली की मॉडेलचं नाव, व्हेरियंट आणि मोटरची शक्ती गाडीवरच्या स्टिकरशी ताडून पाहा. एकाच नावाखाली कमी आणि जास्त वेगाचे दोन व्हेरियंट असू शकतात आणि प्रमाणपत्र एकाचंच दाखवलं जातं. बिलावर मोटरचे वॅट आणि कमाल वेग लिहून घ्या. दुकानदार कुरकुरला, तर त्यातच उत्तर मिळालं समजा.

साध्या सायकलला ऑनलाइन किट बसवून घेणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. किटवर २५० वॅट लिहिलेलं असलं तरी तुमची जोडलेली सायकल कोणी तपासलेली नसते. पोलिसांनी अडवलं किंवा अपघात झाला, तर दाखवायला हातात काही नाही.

पायरी २ : वॅटचा आकडा नीट वाचा

कायदा मोजतो ती मोटरनं तीस मिनिटं सलग पेललेली शक्ती, क्षणभराची उसळी नव्हे. ३६ व्होल्टची बॅटरी आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर असेल, तर सिग्नल सुटताना क्षणभर ५४० वॅटपर्यंत वीज खेचली जाते. त्यामुळे ‘पीक ५०० वॅट’ हे शब्द दिसले म्हणून लगेच बिथरू नका. पण "मोटर ५०० वॅटची, फक्त २५ ला लॉक केलीय" असं कोणी म्हणालं, तर ती सवलतीत बसत नाही. शक्ती आणि वेग, दोन्ही अटी पाळाव्या लागतात.

एवढ्याशा मोटरनं चढ चढतो का, हा प्रश्न सगळेच विचारतात. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरा. १०० मीटरला ५ मीटर असा चढ असेल, मोटरचे २५० आणि तुमच्या पायाचे ७५ वॅट मिळाले, तर १८ च्या आसपास वेग मिळतो. चढ दुप्पट झाला की ११. पेडल न मारता नुसतं बसून राहिलात, तर मात्र मोटर तापते आणि मग लोक "पॉवर कमी पडते" म्हणत मोठी मोटर शोधायला निघतात.

पायरी ३ : वेग स्वतः मोजा

गाडीच्या डिस्प्लेवर भिस्त ठेवू नका. त्यात चाकाचा व्यास भरलेला असतो आणि तोच चुकीचा असू शकतो. २६ इंची चाक असताना आत २० भरलं असेल, तर डिस्प्ले २५ दाखवतो तेव्हा गाडी ३२ ला पळत असते. म्हणून मोबाइलमधलं जीपीएस स्पीडोमीटर लावा, सपाट आणि रिकामा रस्ता निवडा, जाताना आणि येताना असं दोनदा मोजा, म्हणजे वाऱ्याचा फरक निघून जातो. दुकानात स्टँडवर चाक फिरवून दाखवलेला आकडा सोडून द्या. बोजा नसलेलं चाक जास्तच फिरतं.

पेडल असिस्ट, म्हणजे पेडल मारताना मोटरची मदत मिळणारी सायकल असेल तर पंचविशीला मोटर सुटल्याचं पायाला कळतं. पेडल एकदम जड लागतं. नाही लागलं, तर कोणीतरी सेटिंग हलवलेलं आहे.

पायरी ४ : ती वायर आहे तिथेच राहू द्या

२५ वरून ४५ ला गेलात की गाडीची गतिज ऊर्जा सव्वातीन पट होते, आणि ब्रेक तेच राहतात. सपाटीवर ४५ ला पळायला साधारण चौपट शक्ती लागते, तीही त्याच मोटर-बॅटरीतून ओढली जाते.

कायद्याचं म्हणाल, तर गाडी त्या क्षणी मोटार वाहन ठरते. मग नोंदणीविना चालवल्याबद्दल पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये, लायसन्स नसल्याबद्दल ५,०००, विमा नसल्याबद्दल २,०००, शिवाय बेकायदा बदल केल्याबद्दल कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. मुलगा अठराच्या आतला असेल तर कलम १९९अ खाली पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. पण मला यापेक्षा जास्त भीती अपघाताची वाटते. समोरच्याला लागलं, तर विम्याविना भरपाई मालकाच्या खिशातून जाते, आणि तिला वरची मर्यादा नसते.

"मग नंबर घेऊन टाकू" हेही जमत नाही. आरटीओला त्या मॉडेलचं टाइप अप्रूव्हल, म्हणजे चाचणी संस्थेची मंजुरी लागते. घरी बदललेल्या गाडीला ती कुठून येणार? वेगच हवा असेल तर सरळ हिरव्या नंबरप्लेटची ई-स्कूटर घ्या, लायसन्स काढा, हेल्मेट घाला.

सवलतीतल्या गाडीला हेल्मेटची सक्ती नाही, तरी घालाच. आणि सवलत मोटार वाहन कायद्यापुरती आहे. बेदरकार चालवलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ कुठल्याही वाहनाला लागतं, सायकललाही.

आम्ही शेवटी दुसऱ्या दुकानातून पेडल असिस्टची सायकल घेतली. पीडीएफ यायला दोन दिवस लागले. बिलावर त्या गृहस्थांनी स्वतःच्या हातानं ‘२५ कि.मी./तास’ लिहून दिलं. भाच्याची एकच तक्रार आहे की मित्र पुढे जातात. परवा मात्र खुशीत सांगत होता, टेकडीच्या उतारावर पेडल न मारता ३१ लागला म्हणून. तो उताराचा वेग होता, मोटर कधीच सुटली होती.