ओव्याचा अर्क घरी कसा काढावा

ओव्याचा झणझणीत वास मुख्यतः थायमॉल या संयुगाचा असतो. बाजारात ‘ओव्याचे फूल’ म्हणून मिळणारे खडे म्हणजे हेच थायमॉल. ओवा उघड्या पातेल्यात पाणी निम्मे होईपर्यंत उकळावा, असे सर्रास सांगितले जाते. परंतु त्यात थायमॉल वाफेबरोबर उडून जाते आणि हाती उरतो तो तपकिरी, कडवट काढा. अर्क हवा असेल, तर वाफच धरली पाहिजे.

100 ग्रॅम ओवा भरडून पाऊण लिटर पाण्यात तासभर भिजवावा. पातेल्यात मधोमध तिवई आणि तिच्यावर, पाण्याला तळ टेकणार नाही अशी, जड वाटी ठेवावी. स्टीलची मूठ असलेले फुगीर झाकण उलटे घालून त्यावर बर्फ ठेवावा. काचेचे झाकण वापरू नये, ते तडकू शकते.

यापुढचे सारे आचेवर अवलंबून असते, आणि याच टप्प्याने मला बराच काळ दमवले. थायमॉल स्वतः सुमारे 232 अंश सेल्सिअसला उकळत असले, तरी पाण्याच्या वाफेबरोबर ते 100 अंशांच्या आतच निघते. त्यामुळे गॅस मोठा करून काहीही साधत नाही. उलट पाणी खळखळून वाटीत उडते, अर्क पिवळट होतो आणि कडेने वाफ निसटू लागते. घरभर वास सुटला की अर्क छान उतरतो आहे असे अनेकांना वाटते; वस्तुतः तो वास वाटीत उतरायला हवा होता. त्यावर उपाय म्हणून कडा कणकेने लिंपण्याचा किंवा कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी जोडण्याचा सल्ला मुळीच ऐकू नये, कारण वाफेला मोकळी वाट राहिलीच पाहिजे. आच मंद ठेवावी, बर्फ वितळताच पाणी काढून नवा बर्फ घालावा, आणि मुठीच्या टोकावरून थेंब संथपणे, एकेक करून गळत आहेत याची कानांनी खात्री करावी.

सुरुवातीचा अर्क सर्वांत तेज असतो, म्हणून साधारण 150 मिलिलिटर जमल्यावर थांबावे. तो किंचित दुधाळ दिसतो आणि वर तेलाचे बारीक डोळे तरंगतात. थायमॉल लिटरभर पाण्यात जेमतेम ग्रॅमभर विरघळते, त्यामुळे उरलेले असे वर येते. वाटीत फुले पडतील अशी अपेक्षा ठेवू नये.

ते तेल निथळून काढावे, कारण ते त्वचेला व तोंडाला पोळते. अर्क काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा, आठवड्याभरात संपवावा आणि एखादा चमचा पेलाभर पाण्यात मिसळूनच घ्यावा. लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.