रायफलच्या काडतुसांसाठी डाय कशी निवडावी: आधी पुंगळी मोजा

झाडलेलं काडतूस पुन्हा भरायचं तर आधी त्याची पुंगळी, म्हणजे पितळी कवच, साच्यात दाबून मापाला आणावी लागते. हा साचा म्हणजे डाय. कोणती डाय घ्यावी असं विचारलं की लोक लगेच कंपनीचं नाव सांगतात. तुमच्या रायफलचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, केवढं आहे हे कोणी विचारत नाही. डाय जुळायला हवी ती त्या चेंबरशी. जुळत नसेल तर महागडी डायसुद्धा पितळ वाया घालवते.

काडतुसं भरायची कायदेशीर मुभा तुमच्याकडे आहे आणि प्रेस (पुंगळी डायमध्ये दाबणारं यंत्र), ल्यूब (वंगण), मायक्रोमीटर, कम्पॅरेटर (खांद्यापर्यंतची लांबी मोजायची जोड) हाताशी आहेत, असं धरून पुढे जातो.

त्याच रायफलमधून दोन-तीनदा झाडलेल्या पाच पुंगळ्या घ्या आणि त्यांच्या बुडातले प्रायमर (ठिणगी देणाऱ्या टोप्या) काढून टाका. आता तीन मापं लिहून ठेवा: बुडापासून खांद्यापर्यंतची (पुंगळी निमुळती होते त्या उतारापर्यंतची) लांबी, बुडापासून 0.200 इंचावरचा व्यास आणि मानेचा (गोळी धरणाऱ्या अरुंद भागाचा) बाहेरचा व्यास. पुढे ‘थाऊ’ म्हणेन तिथे इंचाचा हजारावा भाग समजा.

डाय पूर्ण पुंगळी आवळणारीच घ्या. ‘फक्त मान आवळा, पितळ जास्त टिकतं’ हा सल्ला अजून फिरतो आहे. पण काही वेळा झाडल्यावर तीच पुंगळी चेंबरमध्ये घट्ट बसायला लागते. मग बोल्टवर (चेंबर बंद करणाऱ्या दांड्यावर) जोर द्यावा लागतो आणि त्या जोराने साधलेला नेम हलतो. बुडाजवळचा व्यास डायने एक-दोन थाऊ कमी केला की पुरे. काहीच कमी झाला नाही, तर बोल्ट उचलताना अगदी वरती ‘टक्’ असा अडथळा जाणवू लागतो. पाच थाऊ कमी होत असेल तर पितळ दर वेळी विनाकारण राबतं. दोन्ही बाबतींत डाय बदला. ती खाली-वर फिरवून हा दोष जात नाही.

आता मानेकडे या. माझं सगळ्यात जास्त पितळ इथे वाया गेलं. बदलता येणारं बुशिंग (मान आवळणारी कडी) असलेली डाय मी घेतली आणि बुशिंगचा आकडा कोणाच्या तरी तक्त्यातून उचलला. गोळ्या बसवताना हाताला कधी घट्ट, कधी सैल लागे. तयार काडतूस गेजवर फिरवलं की गोळी चार-पाच थाऊ डुलताना दिसे. मी दोष गोळी बसवणाऱ्या डायला दिला आणि ती बदलली. डुलणं तसंच राहिलं, कारण मान वाकडी होत होती ती आधीच्याच पायरीवर.

बुशिंगचा आकडा तुमच्या स्वतःच्या काडतुसावरून काढायचा. गोळी बसवलेल्या काडतुसाची मान बाहेरून मोजा आणि त्यातून दोन थाऊ वजा करा. 6.5 क्रीडमूर या काडतुसाचं उदाहरण घ्या. गोळी 0.264 इंचाची, मानेची भिंत 0.014, म्हणजे भरलेली मान 0.292 आणि बुशिंग 0.290. पितळ जुनं, कडक झालेलं असेल तर ते आवळल्यावर थोडं परत उसळतं. तेव्हा एक थाऊ आणखी लहान बुशिंग लागेल. पुंगळ्यांचा मेक बदलला की भिंतीची जाडीही बदलते, म्हणून हे माप पुन्हा घ्या.

माझी खरी चूक पुढची होती. माझ्या चेंबरमधून निघालेली मान 0.297 भरायची. ती मी एका दमात 0.290 वर आणत होतो, म्हणजे तब्बल सात थाऊ. पाच थाऊंपेक्षा जास्त आवळायचं असेल तर दोन टप्पे करा: आधी 0.293, मग 0.290. तसं केलं आणि डुलणं दीड थाऊच्या आत आलं. बुशिंग डायमध्ये किंचित मोकळं राहायला हवं. डाय कानाजवळ हलवा, बारीक खुळखुळ ऐकू आली पाहिजे. आवाज नसेल तर ते वरून दाबलं गेलं आहे आणि मानेवर सरळ बसणार नाही. खांद्यालगत मानेचा छोटा पट्टा न आवळलेला राहतो. त्याला घाबरू नका.

एक्सपांडरचा गोळा (डायच्या आतल्या दांडीवरचा, मान आतून रुंद करणारा) काढून टाका, यावर मी ठाम आहे. पुंगळी डायमधून बाहेर येताना तो मानेला आतून ओढतो, आणि आत ल्यूब नसेल तर वाकवतोसुद्धा. आतला व्यास एकसारखा हवा असेल तर नंतर वेगळा मँड्रेल (नेमक्या मापाची गुळगुळीत दांडी) चालवा. एकच रायफल आणि एकाच मेकच्या पुंगळ्या असतील तर बुशिंगच्या भानगडीत न पडता, मानेचा भाग आपल्या मापाला होन करून (आतून घासून) घेतलेली अखंड डाय माझ्या मते उत्तम.

खांदा झाडलेल्या पुंगळीच्या मापापेक्षा बोल्ट-ॲक्शनसाठी (हाताने बोल्ट चालवायची रायफल) एक-दोन थाऊ मागे ढकला, सेमी-ऑटोसाठी (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) तीन-चार. ‘डाय शेल होल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकवा आणि वर पाव वळसा द्या’ हे ऐकू नका. डायला इंचात 14 आटे असतात, म्हणजे एक थाऊ सरकायला जेमतेम पाच अंश पुरतात. खांदा गरजेपेक्षा जास्त मागे गेला की झाडताना पुंगळी बुडाच्या वर ताणली जाते आणि काही वेळांनी तिथेच तुटते. आतून वाकवलेली तार फिरवून खाच लागते का बघा. लागली तर ती पुंगळी फेका.

गोळी बसवणाऱ्या डायमध्ये फक्त स्टेम (गोळीला वरून दाबणारा भाग) बघा. मायक्रोमीटरचं डोकं सोयीचं असतं, पण नेमकेपणा त्यातून येत नाही. गोळीला मार्करने रंग द्या, बसवा आणि बाहेर काढून पाहा. रंग उताराभोवती गोल कड्यासारखा पुसला गेला असेल तर स्टेम बरोबर आहे. टोकाचाच रंग गेला असेल तर लांब, निमुळत्या गोळीसाठीचा खोल स्टेम मागवा. टोकांची लांबी गोळीगणिक बदलते, आणि तोच फरक बसवण्याच्या खोलीत उतरतो.