मागचा स्कॅन आणलाय का?

कोल्हापुरात एमआरआय टेक्निशियन म्हणून माझं हे अकरावं वर्ष. कोर्स संपवून नवी पोरं येतात आणि पहिल्याच आठवड्यात स्क्रीनकडे बोट करून विचारतात, "मॅडम, यात गाठ कुठली?" गाठ ओळखायला महिन्याभरात शिकाल. जड जातो तो दुसराच पेशंट. त्याच्या मेंदूतली गाठ सगळ्यांना माहीत असते, ऑपरेशन झालेलं असतं, लाइट म्हणजे रेडिएशन घेऊन झालेलं असतं, टेमोझोलोमाइडच्या, म्हणजे केमोच्या, गोळ्या चालू असतात आणि डॉक्टरांना कळायला हवं असतं की औषध लागू पडतंय का. इथं एकट्या स्कॅनला फारसा अर्थ नाही. मागच्याशेजारी लावला तरच तो बोलतो.

हे मला चूक करून कळलं. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. पेशंटची मान आखडली होती म्हणून डोक्याखाली जादा घडी दिली आणि स्लाइसचा, म्हणजे फोटोतल्या एकेका कापाचा, कोन मागच्या स्कॅनशी जुळवायचा राहिला. स्लाइसची जाडी ५ मिलिमीटर. रेडिओलॉजिस्ट सरांनी दोन्ही स्कॅन शेजारी लावले आणि विचारलं, "गाठ वाढली, की तू डोकं फिरवलंस?" पेशंटला गगनबावड्याहून एसटीनं पुन्हा यावं लागलं.

सरांनी त्या दिवशी कागदावर गणित मांडून दाखवलं. गाठीची सगळ्यात जास्त लांबी आणि तिला काटकोनात रुंदी, दोन्हींचा गुणाकार करायचा. ४० गुणिले ३० म्हणजे १२००. तीच गाठ ४४ गुणिले ३५ मोजली तर १५४०. आधीच्या सगळ्यात लहान मापापेक्षा २५ टक्के वाढ झाली की आजार वाढला असं धरतात, ५० टक्के घट झाली की औषधाला प्रतिसाद. म्हणजे चार-पाच मिलिमीटरवर माणसाचं औषध बदलू शकतं, आणि तेवढा फरक तिरक्या डोक्यानंही पडतो. म्हणून आता १ मिलिमीटरचा थ्रीडी टी-वन, हा एमआरआय फोटोचा एक प्रकार, घेतो. तो नंतर हव्या त्या कोनात फिरवता येतो. शक्यतो तेच मशीन, वजनाप्रमाणे तेवढंच गॅडोलिनियम, म्हणजे फोटोत चमक आणणारं इंजेक्शनचं औषध. इंजेक्शननंतर किती मिनिटांनी फोटो घेतला हेही सारखं हवं, कारण औषध हळूहळू झिरपत राहतं. आम्ही इंजेक्शन दिल्यावर मध्ये टी-टू हा दुसऱ्या प्रकारचा फोटो उरकतो, त्यामुळे वेळ आपोआप जुळते.

गाभ्याची गोष्ट पुढे आहे. गॅडोलिनियम गाठीला रंगवत नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत जिथे गळकी झाली असेल तिथून ते बाहेर पडतं आणि तो भाग पांढरा चमकतो. भिंत गाठीमुळे गळते, तशी रेडिएशननं भाजल्यामुळेही गळते. त्यामुळे लाइट संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांत चमक वाढलेली दिसली तरी ती खोटी वाढ असू शकते. अशा वेळी परफ्युजन, म्हणजे रक्ताचं प्रमाण दाखवणारा स्कॅन, मदतीला येतं. जिवंत गाठ स्वतःसाठी रक्तवाहिन्या वाढवते, तिथे रक्ताचं प्रमाण जास्त दिसतं. मेलेल्या भागात ते कमी दिसतं. त्यासाठी इंजेक्शन जोरात जावं लागतं, म्हणून जाड सुई आणि चांगली शीर आधीच बघून ठेवा. तरी शंका उरली तर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन.

बेव्हासिझुमॅब या गाठीवरच्या औषधाचा खेळ उलटा. ते गळती बंद करतं, चमक एक-दोन दिवसांतही मावळू शकते, घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात. आणि फ्लेअरवर, म्हणजे सूज आणि न चमकणारा आजारही दाखवणाऱ्या फोटोवर, बघावं तर आजार शांतपणे पसरत असतो. उपचाराचा परिणाम ठरवायचे १९९० सालचे निकष मुख्यतः चमकच मोजायचे. त्यांच्या जागी २०१० मध्ये आलेल्या रॅनो निकषांनी फ्लेअरही हिशेबात घेतलं. डेक्सामेथासोनचा डोस आणि पेशंटची तब्येत आधीपासूनच बघत होते, ते तसंच राहिलं. डेक्सामेथासोन म्हणजे आपल्याकडची सुजेची गोळी. तिचा डोस वाढवला तरी चमक कमी होते, म्हणून फॉर्मवर तो लिहून घ्या. 'औषध चालू आहे' एवढ्यानं भागत नाही.

आणखी एक, खास आपल्या भागातलं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत किंवा ग्राइंडरवर काम केलेला माणूस असेल तर डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे विचाराच. चुंबकात तो कण सरकला तर डोळा जाऊ शकतो. "मागच्या वेळी सांगितलंय की" म्हणतील. म्हणू देत. मधल्या तीन महिन्यांत गडी परत ग्राइंडरवर गेलेला असू शकतो. शंका आली तर आधी डोळ्यांचा एक्स-रे.

आवाजाची फार काळजी करू नका. तालमीत वाढलेले एक आजोबा बाहेर येऊन म्हणाले, "हलगी बरी वाजवतंय, पण ताल सोडतंय." काळजी करायची ती काचेपलीकडच्या नातेवाइकांची. "ताई, कमी झालंय न्हवं?" असं विचारताना ते तुमच्या तोंडाकडे बघत असतात. एकदा माझ्याकडून निघून गेलं, "जरा जास्त दिसतंय." डॉक्टरांना भेटायच्या आधीच त्यांनी घरी गोळ्या बंद केल्या, पाच दिवस. आणि पुढच्या स्कॅनला ती चमक ओसरलेली होती. तेव्हापासून माझं उत्तर एकच: "फोटो नीट आलेत, बाकी डॉक्टर सांगतील."

अपॉइंटमेंट देतानाच फोनवर मागच्या स्कॅनची सीडी मागा. लोक फिल्मची मोठी पिशवी सांभाळून आणतात आणि सीडी घरी ठेवून येतात. कागलकडच्या एका मावशींनी मुलाची सीडी देव्हाऱ्यात ठेवली होती, हरवू नये म्हणून. धाकटा मोटरसायकलवरून जाऊन घेऊन आला, तोवर आम्ही इंजेक्शन भरलं नाही.