गुन्हेशास्त्राचा अभ्यास ठाणे शहरातून कसा सुरू करावा

गुन्हेशास्त्र म्हणजे वकिलीचा धाकटा भाऊ, अशी समजूत करून या विषयाकडे येणाऱ्यांची पहिल्याच सत्रात निराशा होते; कारण येथे कोणत्या कलमाखाली शिक्षा झाली यापेक्षा गुन्हा का घडला आणि व्यवस्थेने त्याचे काय केले, हे विचारले जाते. तरीही कायद्याची तोंडओळख हवीच. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ ऐवजी १०३ झाले आहे. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले मात्र जुन्याच कलमांनी चालतात, त्यामुळे दोन्ही संहिता जवळ ठेवाव्यात.

पदव्युत्तर शिक्षणासाठी देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ठाण्याहून वाशीला येऊन पुढे हार्बर मार्गाने गाठता येते. प्रवेशाआधी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात महिन्यातून दोन सकाळी मागच्या बाकावर बसावे. सुनावणी साधारणपणे खुली असते; बलात्कारासारखे खटले बंद दालनात चालतात. बोर्डावरील, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीतील, क्रमांक उतरवावा, पट्टेवाल्याने नाव पुकारल्यावर कोण हजर होते आणि पुढची तारीख कशामुळे पडली, हे वहीत टिपावे. साक्षीदार आला नाही, मुद्देमाल पोहोचला नाही, अशी कारणे ओळीने दिसू लागली की विलंबावरचा प्रबंध निम्मा हाती येतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वाचताना ती नोंदवलेल्या गुन्ह्यांची असते, घडलेल्या नव्हे, हे ध्यानात ठेवावे. परीक्षेत बहुतेक जण नेमके येथेच घसरतात.