हात कसा बसवावा: पायमशीन शिकणाऱ्यांसाठी

कापसाचा शेवटचा वेचा झाला, हरभरा घरी आला की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावात बायांच्या दुपारी जरा मोकळ्या होतात. तेव्हा माझ्याकडे पायमशीनवर शिवण शिकायला चार-पाच जणी येतात आणि दर वर्षी एखादी तरी म्हणते, "आता काय शिकतो व बाई मी, शाळेतच काही डोस्क्यात नाई शिरलं."

मशीन शाळेच्या आठवणीवर चालत नाही. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या मेंदूवर फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नवं काहीच त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. आपण हे आधी केल्याचं त्याला आठवत नसे, पण त्याचा हात मात्र दिवसागणिक सुधारत गेला. म्हणजे हाताची आठवण मेंदूत वेगळ्या वाटेनं साठते. पाढे पाठ झाले नव्हते म्हणून शिलाई येणार नाही, हे कुणी मनात ठेवू नये.

पहिले दोन-तीन दिवस सुईत दोरा घालूच नका. कापड दाबून धरणारी दाबपट्टी वर उचला आणि नुसतं पायडल मारा. चाकाला हातानं आपल्याकडे हलका झोका द्यायचा, मग पायानं लय धरायची. सुरुवातीला चाक हमखास उलटं फिरतं. फिरू द्या. पाय कसा पडायला हवा होता आणि कसा पडला, यातला फरक डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला असलेला लहान मेंदू टिपतो आणि पुढच्या खेपेला थोडा बदल करतो. त्याला शिकायला चूक लागतेच. पण ती त्याच क्षणी कळली पाहिजे, आणि एका वेळी एकच गोष्ट समोर असली पाहिजे. पाय, हात, दोरा, कापड सगळं एकदम दिलं तर नेमकं काय चुकलं तेच समजत नाही.

पाय बसला की वहीचं रेघांचं पान घ्या, बिनदोऱ्याची सुई रेघेवर चालवा. कागदानं सुई बोथट होते, म्हणून जुनीच लावा. पान उजेडात धरलं की छिद्रं कुठे रेघ सोडून गेली ते स्वतःलाच दिसतं. शेजारी बसून सारखं "असं नाही, तसं" म्हणणाऱ्या बाईपेक्षा हे पान चांगलं शिकवतं. मी स्वतः आधी फार बोलायची, आता गप्प बसते.

वेळेचं मात्र नीट ऐका. अख्खी दुपार मशीनवर काढण्यापेक्षा रोज अर्धा तास बसा. ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना हे तपासलं गेलं आणि १९७८ साली ते छापून आलं. रोज एकच तास बसणारे, रोज चार तास बसणाऱ्यांपेक्षा कमी तासांच्या सरावात शिकले. तरी समाधान सगळ्यांत कमी त्यांनाच होतं, कारण दिवस जास्त लागत होते. तुम्हालाही तसंच वाटेल, तरी अर्ध्या तासानं उठा. चेतापेशींच्या नव्या जोडण्या पक्क्या व्हायला मधला वेळ लागतो, आणि त्यातलं बरंच काम रात्री झोपेत होतं. जागरण करून शिवायला बसणाऱ्या बाईला मी दुसऱ्या दिवशी सुट्टीच देते.

रेघ सरळ यायला लागली की एकाच रेघेवर दहा पानं भरू नका. एक सरळ, एक गोलाई, एक कोपरा, पुन्हा सरळ, असं मिसळून करा. जमलेलं बिघडल्यासारखं वाटतं, पण पुढे नवं कापड समोर आलं की असाच शिकलेला हात अडत नाही. दोरा ओवणंही तसंच: दाखवल्यावर तो पूर्ण काढून टाका, आणि मी न सांगता तुम्हीच आठवून ओवा. अडखळलात तरी लगेच विचारू नका.

मृग लागला की पेरणी, मग डवरणी-निंदण, आणि मशीनवर चादर पडते. हातावर चेंडू झेलण्याचा खेळ तीन महिने शिकलेल्यांच्या मेंदूचा काही भाग वाढलेला दिसला, आणि सराव सुटल्यावर ती वाढ ओसरली, असं जर्मनीत २००४ साली आढळलं. पण विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ सालीच दाखवलं होतं. त्यामुळे पोळ्यानंतर चादर काढाल तेव्हा थेट नवं कापड घेऊ नका. दोन दिवस तेच रेघांचं पान, तीच जुनी सुई. मग जुन्या लुगड्याची उशीची खोळ शिवा, तिला चारही शिवणी सरळच असतात. ब्लाऊजची बाही त्यानंतर.