विज्ञान दिनाची तयारी: आधी डाउनलोड, मग बाकीचं

विज्ञान दिनाला शाळेत पोरांना पडद्यावर प्रयोग नि व्हिडिओ दाखवायचे, तर लॅपटॉप, चार्जर, स्पीकर तुम्ही न्यालच. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र घरचा न्या.

पहिलं काम डाउनलोड. २८ फेब्रुवारीच्या आदल्या रात्री नाही, चांगलं आठवडाभर आधी, तालुक्याच्या गावी धड रेंज मिळते तिथे बसून. धडगाव-अक्कलकुव्याकडे मोबाईलची एखादी दांडी येते नि जाते. यावल-चोपड्यातही लाइट गेली की वायफाय गेलंच. मागच्या वर्षी माझं नेमकं हेच राहिलं आणि सगळा वर्ग पडद्यावरच्या फिरत्या चक्राकडे बघत बसला. लिंका वहीत उतरवून नेल्या म्हणजे तयारी झाली असं समजू नका.

फेट (PhET) या साइटवरची सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग, मोफत आहेत. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हे काम सुरू केलं. भाषेत मराठी निवडा आणि एचटीएमएल-५ वालीच घ्या, ती फाइल नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडते. विद्युत मंडलाचं तर घ्याच. त्यात सेल, बल्ब, तारा पोरं स्वतः जोडतात, चुकलं तरी काही जळत नाही. आणि डाउनलोड झाल्यावर वायफाय बंद करून प्रत्येक फाइल उघडून बघा. फोल्डरमध्ये दिसते म्हणून ती चालेलच असं नाही. बंद करून बघा!

विज्ञान खेळणीवाले अरविंद गुप्ता यांच्या साइटवर टाकाऊतून बनणारी खेळणी आणि मराठी पुस्तकंही आहेत. पण व्हिडिओ दाखवला की पोरं लगेच सामान मागतात, आणि मागायलाच हवं. काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुन्या स्पीकरचं चुंबक, एनॅमलची तांब्याची तार गोळा करून ठेवा. साधी मोटर करताना तारेचं एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं फक्त एका बाजूने. दोन्ही पूर्ण खरवडली तर वेटोळं नीट फिरत नाही, नुसतं थरथरतं. घरी एकदा फिरवून बघितल्याशिवाय वर्गात नेऊ नका.

आकाश दाखवणारं स्टेलॅरियम हे सॉफ्टवेअरही नेटशिवाय चालतं, फक्त ठिकाण आधी जळगाव किंवा धुळे करून ठेवा. शून्य सावली त्यातच दाखवता येते. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून दुपारचा सूर्य वर्षातून दोनदा, मेअखेरीला आणि जुलैच्या मध्याला, बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखालीच लपते. पण मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत ढग, म्हणून पडद्यावर तरी दाखवाच.

व्हिडिओचा आवाज बंद करून स्वतः बोला. पोरं घरी अहिराणी किंवा पावरी बोलतात, पुस्तकी निवेदन त्यांच्या डोक्यावरून जातं.

दीक्षा या सरकारी शालेय ॲपमधलंही आधीच उतरवा. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड वर्गात स्कॅन करत बसू नका, त्यालाही नेट लागतं.

बॅटरी पूर्ण भरा. पेनड्राइव्हवर दुसरी प्रत. निघण्याआधी वायफाय बंद करून सगळं परत एकदा उघडा.