फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवताना या चुका टाळा

अमळनेरला माझा फोटो स्टुडिओ आहे. शिकायला येणारी पोरं पहिल्याच दिवशी कॉन्ट्रास्टची पट्टी उजवीकडे सरकवतात, फिकट फोटो उठून दिसतो आणि त्यांना वाटतं, झालं काम. हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या छटेचे पिक्सेल किती ते दाखवणारा आलेख, उघडून बघायचा मात्र सगळ्यांना कंटाळा.

सगळ्यात जास्त नुकसान मी 'इक्वलाइज' या एका क्लिकमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवणाऱ्या कमांडमुळे झालेलं पाहिलंय. पारोळ्याकडचे एक शेतकरी आई-वडिलांचा लग्नातला फोटो घेऊन आले होते. कृष्णधवल, पार विटलेला. मागे चुन्याची मोठी भिंत, समोर दोघं उभे, चेहरे नखाएवढे. माझ्याकडच्या पोराने स्कॅन केलं, इक्वलाइज मारलं आणि प्रिंट काढून दिली. त्यांनी ती बराच वेळ हातात धरली. मग हळूच म्हणाले, "भाऊ, हाई मनी माय नही शे."

खरंच नव्हती. इक्वलाइज पिक्सेल मोजतं. ज्या छटांचे पिक्सेल जास्त, त्या ताणतं आणि कमी असलेल्या एकमेकींत दाबतं. त्या फोटोत निम्म्याहून जास्त जागा भिंतीची होती. म्हणून भिंतीचा एकेक पोपडा उठून आला आणि आईचे डोळे, नाकाची कड, कपाळावरचं कुंकू एकाच करड्या डागात गेलं.

मी फोटो पुन्हा 16 बिटमध्ये, म्हणजे जास्त छटांसह, स्कॅन केला आणि कर्व्हज, म्हणजे रेघ वाकवून छटा बदलायचं साधन, घेऊन बसलो. आधी गालाची छटा पकडायची, तिथे रेघ जराशी उभी करायची, भिंतीच्या छटांपाशी ती सपाट ठेवायची. दोन तास गेले, पण माय ओळखू आली. घाई असेल त्याने निदान क्लाहे (CLAHE) ही इक्वलाइजचीच सुधारलेली पद्धत वापरावी. ती फोटोचे छोटे चौकोन करून प्रत्येकाचा वेगळा हिशोब करते आणि ताणण्याला मर्यादा घालते. ओपनसीव्ही या प्रोग्रॅमिंगच्या लायब्ररीत चौकोन 8×8 आणि मर्यादा 40 आधीपासून ठरलेली असते. 40 म्हणजे फारच, मी 2 पासून सुरू करतो. तरी मोकळ्या आभाळात दाणे दिसतातच, तिथे मास्क लावून तो भाग झाकतो.

रंगीत फोटोत लाल, हिरवा, निळा वेगवेगळे इक्वलाइज करू नका, हळदीचा रंग बिघडतो. लॅब (Lab) या कलर मोडमध्ये जाऊन फक्त एल, म्हणजे उजळपणाच्या, चॅनलवर काम करा.

दुसरी चूक मे महिन्यातल्या लग्नांची. भर दुपारी वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या टोप्या आधीच 255 च्या, म्हणजे पूर्ण पांढऱ्याच्या, काठावर असतात. लेव्हल्स या साधनातला, पांढरं कुठे सुरू होतं ते ठरवणारा पांढरा त्रिकोण आत ओढला की टोपीची घडी, शिवण सगळं जातं. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून तो ओढा, काय जळतंय ते लगेच दिसतं. मी पहिली चमक दिसली की थोडा मागे येतो.

आणि जेपेगकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. त्यात प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या. फोटो 60 ते 180 मध्येच अडकला असेल तर हातात 121 उरतात. ताणलं की मधे फटी पडतात, नव्या छटा जन्माला येत नाहीत. 12 बिट रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, 4096 असतात, म्हणून लग्नाचं काम मी रॉशिवाय घेत नाही.

शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणं, कॉन्ट्रास्टनंतर. मूळ फाइलवर सेव्ह कधीच नाही.

मंडपात उन्हात बसून लॅपटॉपवर कॉन्ट्रास्ट ठरवणाऱ्यांना तर मी हात जोडतो. उजेडात स्क्रीन फिकी दिसते, म्हणून हात जास्त ओढला जातो. मी संध्याकाळी शटर अर्धं ओढतो, ट्यूबलाइट बंद करतो आणि मगच फाइल उघडतो.